सहा तासांची गाणी

३ मार्च, सोमवार
पेनड्राइव्ह गाडीत लावला. स्क्रीनवर काय — ‘फाइल सापडली नाही’! काल अख्खी दुपार घालवून दीडशे गाणी भरली होती. काढला, पुसला, फुंकर मारली, परत लावला. ढिम्म.
शनिवारी धाकट्या भावाकडून आईला आणायचंय. आता ती माझ्याकडे राहणार. येताना तिला धरून बसायला धाकटाही येणार. सहा तास! चार वर्षं आम्ही भाऊबहीण एकमेकांशी बोललेलो नाही. निरोप सगळे आईमार्फत. गाणी नसली तर गाडीत करायचं काय?

४ मार्च, मंगळवार
ऑफिसातल्या कॉम्प्युटरवाल्याला दाखवला. हसला. “ताई, फॉरमॅट चुकलाय. गाडीला फॅट थर्टी-टू लागतं. आणि गाणी एमपीथ्रीच हवीत.” त्यानं केलं लगेच. सगळं पुसलं गेलं! “हो, ते पुसलं जातंच,” म्हणे. आधी सांगायला काय झालं होतं?

५ मार्च, बुधवार
परत भरली. वाजली! पण क्रम नुसता गोंधळ. आईच्या आवडीचं संथ गाणं संपतंय न संपतंय तोच धांगडधिंगा. प्रत्येक नावाआधी ००१, ००२ लावायचं म्हणे. बसले लावत. मध्ये रिकामी जागा राहताच कामा नये.
नवरा डोकावला. “अगं, गाणी भरतेयस की भावाचं तोंड बंद करतेयस?”
जिव्हारी लागलं.
त्याचं तोंड मी कधीच बंद केलंय. बाबा गेले त्या दिवशी, भरल्या घरात मी त्याला म्हणाले होते — “तुझ्या हलगर्जीपणामुळे गेले.” तो दाराला टेकून उभा होता, हातात बाबांचा चष्मा. डॉक्टरांनी नंतर सांगितलं, कुणाच्याच हातात काही नव्हतं. मला कळलं. त्याला ते मी कधी सांगितलं?

६ मार्च, गुरुवार
चित्त थाऱ्यावर नाही. चार गाणी काढली, तीच परत घातली.

७ मार्च, शुक्रवार
सकाळी फोन. धाकटा! स्वतः!
“ताई, खोटं नको. आईचं निमित्त आहे. माझंच ऑपरेशन आहे, तुमच्या इथल्या हॉस्पिटलात. माझं नाव घेतलं तर तू यायची नाहीस, असं आईला वाटलं.”
मी गाडीची किल्ली शोधू लागले.
“ताई? उद्या येशील ना?”
म्हटलं, “उद्या कशाला? आत्ता निघते.”