तीन नंबरची प्रेस

१५ सप्टेंबर, सोमवार

पोचले एकदाची! माणगावात सगळ्यांना मुंबईला चालले म्हणून सांगून आलेय, भाईंदर म्हटलं की ऐकणाऱ्याचा उत्साह ओसरतो. नवघरला परागदादाच्या खोलीत खिडकीखालची जागा मला मिळाली. खिडकीतून समोरच्यांचं स्वयंपाकघर दिसतं. त्यांच्याकडे आज गवार होती.

नोकरी बाळाशेठ पाटलांच्या स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात. त्यांच्या आजोबांची मिठागरं होती, तिथे आता बिल्डिंगा आहेत. दादा इथे तीन नंबरची प्रेस चालवतो, त्यानंच माझ्यासाठी शब्द टाकला. त्यांना कॉम्प्युटर सांभाळायला कुणीतरी हवं होतं आणि मी कोर्स संपवून घरी आईचं डोकं खात बसले होते.

प्रेस म्हणजे लोखंडाचा अवाढव्य ठोकळा. खाली पत्रा ठेवायचा, पायानं पेडल दाबायचं, ठोकळा धाडकन खाली येतो आणि पत्र्याचं ताट होतं. मध्ये हात राहिला तर हाताचंही होईल. म्हणून शेठनी कुणाकडून तरी स्वस्तात जुगाड करून घेतलंय: प्रत्येक प्रेसवर एक कॅमेरा आणि शेजारी एक छोटा कॉम्प्युटर. मध्ये काही दिसलं की कॉम्प्युटर ठोकळ्याला वरच्या वर थांबवतो. दादानं मला काकडी ठेवून दाखवलं. ठोकळा काकडीच्या चार बोटं वर येऊन गप्प उभा राहिला. मग दादानं ती काकडी मीठ लावून खाल्ली.

तो खातानाही टेबलावर बोटं वाजवत होता. गावच्या जाखडीत ढोलकीवर दादाच लागतो, दुसरा कुणी बसला की नाचणाऱ्यांचे पाय अडखळतात. आई म्हणते, याला देवानं तोंड दिलं नसतं तरी चाललं असतं, हात दिलेत.

ऑफिस आणि कारखान्याच्या मध्ये काचेचं देवघर आहे. आत स्क्रीनवर एकवीरा आईचं दर्शन चोवीस तास चालू असतं, बाहेर हार, उदबत्ती, चपला काढायच्या. मीही हात जोडले आणि नोकरी टिकू दे म्हटलं.

१८ सप्टेंबर, गुरुवार

कारखान्यातले सगळे कॉम्प्युटर धापा टाकतायत. पंखे एवढे गरगरतायत की ऑफिसच्या कॉम्प्युटरवर हात ठेवला तर चटका बसतो. बिल उघडायला एवढा वेळ लागतो की मधल्या वेळात चहा होतो. शेठचं म्हणणं, वय झालं त्यांचं. मी आत शिरून बघितलं आणि सापडला.

याला वर्म म्हणतात, किडा. व्हायरसला निदान कुणीतरी फाईल उघडून आत घ्यावं लागतं. हा स्वतःच्या पायांनी चालतो. एका मशीनमध्ये शिरला की त्याच वायरीवरच्या प्रत्येक मशीनचं दार ठोठावत सुटतो. जुनं, अपडेट न केलेलं विंडोज असेल तर दाराला कडीच नसते. असलीच, तर ओळीनं सोपे सोपे पासवर्ड लावून बघतो. आमच्याकडे तर सगळ्यांना एकच पासवर्ड, एकवीरा आईचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन. म्हणजे या बसाच!

आत आल्यावर पहिलं काम, तिथे आधीच दुसऱ्या कुणाचा किडा असेल तर त्याला ठार मारायचं. मग सगळी जागा आपली. पुढे तो कुठल्यातरी देशातल्या कुठल्यातरी माणसासाठी रात्रंदिवस गणितं सोडवत बसतो, त्यातून त्या माणसाच्या नावावर क्रिप्टोची नाणी जमा होतात. फाईल चोरत नाही, काही पुसत नाही. डोकं तेवढं खातो.

मला जाम मजा आली. चार दिवसांत शिकार! एकेक मशीन साफ करायला घेतलं.

२२ सप्टेंबर, सोमवार. घटस्थापना

साफ केलेली मशीनं जेवून येईपर्यंत परत तापलेली. मी एक पुसते, बाकीची त्याला पुन्हा लावतात. एकाच पोळ्यातले सगळे भाऊ. सगळी एकदम बंद करून साफ केली तरच हा जाईल. शेठना सांगितलं, तर दिवाळीची ऑर्डर आहे, प्रेस थांबणार नाहीत, असं उत्तर मिळालं.

मग दादा म्हणाला, तीन नंबर हल्ली जरा उशिरा थांबते. मी त्याला काकडी ठेवायला लावली. ठोकळा आला, थांबला. सगळे हसले. मी वाकून बघणार एवढ्यात ठोकळा उरलेला खाली आला. काकडीचं पाणी माझ्या चष्म्यावर उडालं.

कॉम्प्युटर मध्येच गोठतो. गोठला की कॅमेऱ्याचा हिरवा दिवा विझतो, समोरचं दिसत नाही, आणि प्रेस राहिलेला घाव पुरा करते. मी तडक शेठकडे जाऊन टेबलावर तो चपटा हिरवा लगदा ठेवला. शेठनी तो बोटानं दाबून बघितला. माणूस वाईट नाही. म्हणाले, शुक्रवारी दुरुस्तीसाठी सगळ्या भागाची लाईट जाणार आहे, तेव्हा कारखाना बंदच, काय करायचं ते कर. तोपर्यंत दादाला चिमट्यानं पत्रा धरायला सांगितलंय.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

झालं! लाईट गेली, पंखे गप्प झाले, सगळा किडा एका झटक्यात झोपला. एकेक मशीन उचलून भाड्याच्या जनरेटरवर लावलं, मुळापासून पुसलं, नवं विंडोज टाकलं, प्रत्येकाला वेगळा पासवर्ड. सगळी होईपर्यंत एकही परत जोडलं नाही. कारखाना अंधारा होता, फक्त देवघरात उजेड. आईचा स्क्रीन इन्व्हर्टरवर आहे. नवरात्रात नंदादीप विझू देत नाहीत, शेठकडे त्याच नेमानं हा स्क्रीनही विझू देत नाहीत. “आई बसलीय तवर तिचा उजेड इझवाचा न्हाय,” असं शेठनी दोनदा बजावलं. बरंच झालं, त्या उजेडात मला स्क्रू दिसत होते. जाताना हात जोडले.

दादाला सांगितलं, आता बिनधास्त चालव.

३० सप्टेंबर, मंगळवार. अष्टमी

कुठून सुरू करू.

अष्टमीला आईच्या नैवेद्याचं ताट इथेच, ऐन पूजेच्या वेळी दाबून घेतात. मान दादाला. आंघोळ करून, नवा शर्ट घालून आला होता. देवीच्या ताटाला चिमटा लावायचा नाही, हातानं ठेवायचं, हातानं उचलायचं. हातानं ठेवलं तर चालेल ना, असं त्यानं मलाच विचारलं. मी मान हलवली.

मी. मान. हलवली.

ताट झालं. ठोकळा वर गेला. ताट थोडं चिकटलं होतं, दादानं पुन्हा पेडलवर पाय ठेवला असेल, नसेल, मला दिसलं नाही. ठोकळा येऊन मध्येच थांबला, चिकटलेलं ताट कॅमेऱ्याला दिसलं असावं. थांबला म्हणून दादानं हात आत घातला, हसत, शेठकडे बघत. आणि मग तो उरलेला घाव खाली आला.

आवाज ताटासारखाच आला. तेवढाच. मग दादा ओरडला आणि ओरडतच राहिला, कारण ठोकळा उठत नव्हता. कॉम्प्युटर गोठलेला. शेठ लाल बटणावर थापा मारत होते. कृतिकानं, ती दोन नंबरला असते, पहारीनं चाक उलटं फिरवलं. हात बाहेर आला तेव्हा तो मनगटापर्यंत हात होता. पुढे ताटाच्या नक्षीत बसलेलं मांस, त्यात बोटातली अंगठी सपाट झालेली. शेठनी स्वतःचं सोवळं फाडून बांधलं. गाडीत शेठ रडत होते, मी नाही.

आईला फोनवर सांगितलं, थोडं लागलंय.

१ ऑक्टोबर, बुधवार

उजवा गेला. डॉक्टर म्हणाले, वाचवण्यासारखं काही उरलं नव्हतं. दादा डाव्या हातानं पलंगाच्या दांडीवर बोटं वाजवतो, मध्येच थांबतो, उजव्याची जागा मोकळी सोडतो. मग परत. मला एकच विचारलं, तू साफ केलं होतंस ना?

केलं होतं! सगळी केली होती!

कारखान्यात जाऊन तीन नंबरचा कॉम्प्युटर उघडला. आहे. तोच. परत आलाय, पंखा भणभणतोय. नवा पासवर्ड होता, पण विंडोजचे शेवटचे अपडेट मी नंतर टाकणार होते, इंटरनेट आल्यावर. तेवढी फट पुरली. पण ठोठावलं कुणी? सगळी तर मी पुसली होती. नोंदी बघितल्या. ठोठावणाऱ्याचा नंबर माझ्या ओळखीचा नव्हता.

मग आठवलं. शुक्रवारी अंधारात एक पंखा चालू होता. काचेमागे. मी इन्व्हर्टर समजले.

तो कॉम्प्युटर आहे. आईच्या स्क्रीनमागे एक साधा, जुना कॉम्प्युटर आहे, त्याच वायरीवर. मी रोज त्याला हात जोडले आणि एकदाही कॉम्प्युटर म्हणून मोजला नाही. किडा तिथे बसून राहिला, आणि वीज आल्यावर पुन्हा एकेक दार—

शेठना सांगितलं. ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हणाले, आईत किडा न्हाय. कुणाचीतरी नजर हाय. काचेची किल्ली कमरेला. घट उद्या उठतील पण आईचा उजेड कोजागिरीपर्यंत राहणार. आणि उद्या मिरवणुकीहून आल्यावर प्रेसचा मुहूर्त करणार, आईच्या उजेडातच, म्हणजे दोष जाईल. तीन नंबरवर कृतिका.

कृतिकाला फोन केला. ती म्हणाली, नाही म्हटलं तर मला काढतील गं. तिची मुलगी तीन वर्षांची आहे.

२ ऑक्टोबर. दसरा

सगळे मिरवणुकीला गेले. बँजो इथपर्यंत ऐकू येतोय. मी आत आलेय. शटर अर्धं ओढलं. प्रेसना झेंडूचे हार, हळदकुंकू, आणि सगळ्या चालू ठेवल्यायत, दसऱ्याला मशीन बंद ठेवायची नाही म्हणे. सगळे पंखे जोरात. सगळ्यांना लागण झालीय.

काच फोडायचं धाडस नाही झालं. खरंच नाही झालं. समोर आईचा चेहरा. मग वायर शोधली. देवघरातून भिंतीत जाते आणि थेट तीन नंबरच्या मागे निघते. तेवढी कापली की आईचा कॉम्प्युटर एकटा पडेल, मग बाकीची साफ करता येतील. मागून जागा नाही. ठोकळ्याच्या खालून हात घालावा लागेल. प्रेस बंद करावी, तर परत चालू करायची किल्ली शेठकडे, लगेच कळेल. कटर आणलाय. पेडलपासून लांब बसेन. दोन मिनिटांचं काम.

कापली—

डाव्या हातानं लिहितेय. अक्षर—

वायर तुटली तेव्हा मी मागे सरकले आणि गुडघा पेडलवर. माझाच गुडघा. ठोकळा आला आणि थांबला. थांबला पण उशिरा. चार बोटं आत आहेत. दोन गेली, ती दुखत नाहीयेत. बाकीची धरून ठेवलीयत नुसती. हलवता येत नाही. रक्त झेंडूवरून खाली—

लाल बटण पलीकडे. फोन दादाकडे ठेवलाय, त्याचा फुटला म्हणून. ओरडले. बँजो.

कॅमेऱ्याला माझा हात दिसतोय. दिसतोय तोपर्यंत ठोकळा इथेच. फक्त कॉम्प्युटरनं गोठायचं नाही. एवढंच. बाबा गोठू नकोस. वायर कापली तरी किडा आत आहे, तो या मशीनमध्ये आधीच—

पंखा वाढतोय.

कृतिका, इथे बसू नकोस. कुणीही वाचलं तर आधी सगळी एकदम बंद करा. आईचाही. देव रागावणार नाही, मी सांगते, मी तिच्यासमोरच—

दादाला सांगा वायर कापली मी

पंखा—

कॅमेऱ्याचा दिवा होता ना आत्ता. हिरवा. होता. आता