खाडीतला झिरा

आबा, आज लेकीच्या घरी गेले आणि दारातच तांब्याभर पाणी मागून घटाघटा प्यायले. ती म्हणाली, "अगं आई, बस तरी आधी." तिला मूल नाही, होऊ द्यायचंही नाही असं दोघांनी ठरवलंय. तरी मी तिच्याकडं जेवते, राहते, चहात साखर कमी पडली तर कुरकुरतेसुद्धा. तुम्ही असता तर कपाळाला हात लावला असता. ती राहते ती जागा आमच्या जुन्या चाळीपासून हाकेच्या अंतरावर आहे. खाडी बरीच बुजवलीय. चिखल होता तिथं आता लोखंडी पेट्यांच्या थप्प्या लागल्यात, त्यांच्यामागं माल उचलणाऱ्या गोदीच्या याऱ्या उभ्या असतात, आणि विमानं अजूनही इतकी डोक्यावरून जातात की बोलणं मध्येच थांबवावं लागतं. तेलाचा वास मात्र तोच आहे. तांब्या खाली ठेवला आणि तुमची इतकी आठवण आली की घरी येऊन लिहायलाच बसले. तुम्हाला वाचता येत नव्हतं, मला तेव्हा लिहिता येत नव्हतं, त्यामुळं आपल्यात कागदाचा व्यवहार कधी झालाच नाही.

तुम्ही आलात ते मोठी लढाई संपल्यानंतरच्या उन्हाळ्यात. गावाकडं निजामाचं राज्य होतं. चुडाव्याला गाडीत बसलात, मनमाडला गाडी बदललीत, हद्दीवर जकात घेणाऱ्या करोडगिरीवाल्यांनी गाठोडं उसकटून तपासलं. त्यात निघालं काय, तर आईनं बांधून दिलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि आपल्याच मेंढरांच्या लोकरीची एक इवलीशी घोंगडी. "येवढ्याशा घोंगडीत कोन झोपतं, म्हनून इचारत व्हता शिपाई," असं सांगून तुम्ही हसलात. मी हसले नाही. माझं पोट तोवर दोनदा रिकामं झालं होतं. चाळीतल्या बायका माझ्यासमोर आपली पोरं उचलून घेताना जरा बाजूला वळायच्या. आणि तुम्ही माझ्या हातात बाळाची घोंगडी ठेवलीत. मी ती न उलगडताच फळीवर टाकली.

लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, ही आपल्याकडची रीत मला काय ठाऊक नव्हती? पण मला वाटलं होतं, एवढ्या लांब येताय, मुंबईत कोण बघायला बसलंय. तुम्ही पाण्याची मातीची केळी गावाहून भरून आणली होती. त्यातलंच घोट-घोट पीत होतात, दशमी खात होतात आणि माझ्या चुलीपाशी बसून, काय करायलीस, काय शिजवायलीस, असं मायेनं विचारत होतात. मी आमटीला फोडणी दिली की "लय झ्याक वास सुटला बग" म्हणायचात आणि चटणीच्या पुडीत बोट घालायचात. मला रडू यायचं आणि रागही यायचा. तुमचे जावई तेलाच्या कंपनीत डबे भरायला होते. ते कामावरून आले आणि मला म्हणाले, "मामांसाठी सोड्याची बाटली आणू का? ती तर काही आपल्या घरची नव्हे." तुम्ही म्हणालात, "जावाईबापू, बाटली दुकानातली, पन हात तुमचाच की." त्यांना हसू आवरेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी केळी रिकामी झाली. मी म्हटलं, चाळीचा नळ तर सगळ्यांचा आहे. तुम्ही नळाकडं बघितलंत, भिंतीवरच्या कंपनीच्या पाटीकडं बघितलंत. "चाळ कंपनीची, कंपनी जावयाची. म्हंजी तुझ्याच घरचं पानी झालं की." मग तुमचं लक्ष खाडीकडं गेलं. ओहोटी लागली होती. सकाळी काठोकाठ असलेलं पाणी पार लांब गेलं होतं आणि ओला तळ उघडा पडला होता. तुमचा चेहरा एकदम मोकळा झाला. "ही बी आपल्या पूर्णेवानीच आटती व्हय? मंग काळजी कशाची. नदी कुनाच्या घरची नसती, माय." माझं खुरपं उचललंत, धोतर खोचलंत आणि बांध उतरून खाली गेलात.

उन्हाळ्यात पूर्णेच्या कोरड्या पात्रात तुम्ही असाच झिरा खणायचात. कोपरापर्यंत हात वाळूत जायचा, मग तळाशी गढूळ पाणी जमायचं. पहिलं पाणी उपसून टाकायचं, दुसरं मेंढरांना, आणि तिसरं नितळ झालं की आपलं. त्या तिसऱ्या पाण्याची पहिली ओंजळ तुम्ही मला द्यायचात, दादालाही नाही. माझ्या दातांत वाळू कचकचायची आणि तुम्ही विचारायचात, "गोड हाय का?" मी मान हलवायची. मगच तुम्ही प्यायचात. मला दिल्याशिवाय तुम्ही पाण्याला तोंड लावल्याचं मला आठवत नाही.

आणि आता तुम्ही खाडीत गुडघे टेकून खणताय आणि मी बांधावर उभी आहे. चाळीतल्या बायका गोळा झाल्यात, कंपनीतली माणसं सुट्टीत विड्या ओढत बघतायत. एक विमान अगदी खालून येतं, तुम्ही डाव्या हातानं पटका दाबून धरता आणि उजव्यानं खणत राहता. कुणीतरी ओरडतं, "बाबा, सोनं पुरलंय का?" सगळे हसतात. खड्ड्यात काळं पाणी झिरपतं, त्यावर तेलाचा रंगीत तवंग. तुम्ही शांतपणे ते उपसून टाकता. दुसरंही टाकता. मग हात धोतराला पुसून वाट बघत बसता, तिसऱ्याची.

तिसऱ्याची ओंजळ तोंडाला लावलीत आणि थुंकलात. परत खाली वाकलात तेव्हा मी धावत आले, पण तुम्हाला उठवायला नाही. भांडायला. "माझ्या घरच्या पान्यात काय इख हाय का? जगात हसं करायला कशाला आलाव हितं?" एवढ्या माणसांत बोलले. तुम्ही वर बघितलंत. ओठ सुकून पांढरे पडले होते. "इख न्हाई, माय. तुजं दान पदरात पडू दे, रांजनभर पेतो. आदीच पेलो, अन् तुला परत काय झालं तर?" त्यातला 'परत' एवढाच शब्द मी ऐकला. म्हटलं, "मंग जावा की गावाला." तुम्ही खुरपं त्याच खाऱ्या पाण्यात धुतलंत, मला आणून दिलंत आणि गाठोडं बांधायला लागलात. भरती येऊन झिरा बुजला तेव्हा तुम्ही चाळीतून बाहेर पडला होतात. जावई स्टेशनावर सोडायला आले. मी दारातही आले नाही. वाटेत पाणी कुठं प्यालात, प्यालात की नाही, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

निजामाच्या मुलखात गडबड सुरू झाली, गाड्यांचा भरवसा उरला नाही, आणि मला पुन्हा दिवस गेले. तुम्ही तापानं गेल्याचा निरोप चुडाव्याकडच्या एका माणसानं आणला तेव्हा मला जागचं हलू देत नव्हते. मुलगी झाली. तिला मी त्या घोंगडीतच गुंडाळलं. खरखरीत लागायची म्हणून ती रडायची, तरी गुंडाळलं. तुम्ही माझ्या पोरीसाठी तहानलेले राहिलात हे मला तिला मांडीवर घेतल्यावर कळलं. तोवर रांजण भरून उपयोग नव्हता.

हे लोकांना सांगते तेव्हा मी म्हणते, रागाच्या भरात बोलले. लेकीलाही तेच सांगितलंय. ती म्हणते, तू लहान होतीस गं. पण आबा, राग नंतरचा. त्या खाडीत कुठंही खणलं तरी खारंच लागतं हे मला ठाऊक होतं. तुम्ही खुरपं उचललंत तेव्हाच सांगायला हवं होतं. मी बांधावर उभी राहून तुम्हाला तिसऱ्या पाण्यापर्यंत उपसू दिलं. वाटलं, हरले की माझ्याच दारात येतील, माझ्याच हातचं मागतील. हे पत्र टाकायचं तरी कुठं, पण एवढं लिहून ठेवते. तुम्ही ती ओंजळ तोंडाला लावून थुंकलात ना, तेव्हा मला बरं वाटलं होतं.