मोरी-सानचे मोजे

शनिवार संध्याकाळ, उरायासु, जपान

सांगून टाकलं एकदाचं.

शेजारच्या मोरी-सानना नेपाळला चला, पशुपतिनाथाचं दर्शन घेऊ, असा आग्रह मीच केला होता. तिकिटं काढून महिना झाला. आणि काल वाचलं, मुख्य देवळात फक्त हिंदूंनाच सोडतात. मी आईबाबांबरोबर तिथे जाऊन आलेय! दारावरची पाटी मला दिसली कशी नाही? माझ्यासाठी नव्हतीच ती, म्हणून?

आज दुपारी मोरी-सान पांढऱ्या मोज्यांचे दोन नवे जोड घेऊन आल्या. एक माझा, एक त्यांचा. "देवळातली फरशी गार असेल ना?" मी नुसतं हो म्हटलं. काय बाई मी!

माझी लेक इरा महिन्याची झाली तेव्हा तिला कुशीत घेऊन याच मोरी-सान आम्हाला इथल्या देवळात घेऊन गेल्या होत्या. माझा हात धरून थेट आत. कोण, कुठली, कुणीही विचारलं नव्हतं.

शेवटी सहाला त्यांची बेल वाजवली. ऐकून म्हणाल्या, "मी बाहेर बसेन, तुमच्या चपला सांभाळेन." आणि आत जाऊन स्वतःचा जोड घेऊन आल्या. "दर्शनाला जाताना माझे मोजे घालाल?"

हो म्हणून आले. आत्ता घालून बघितले, तर टाचेवर चढतच नाहीत. आता हे कसं सांगू त्यांना?