मुंगसाची कॅसेट

आई, तुझ्या त्या मुंगसाच्या गेमनं माझा जीव खाल्लाय. सात महिने मी ती शोधत होते आणि तिचं खरं नाव काय, हेच मला माहीत नव्हतं. तू कधी सांगितलंच नाहीस. सांगणार तरी कुठून म्हणा, कॅसेटवर सगळं जपानी होतं. पण तिच्या खोक्यावर नाव होतं ना? एखाद्या वहीत ती अक्षरं बघून बघून उतरवून ठेवायची होतीस. तू त्या खोक्यात लवंगा ठेवल्यास, आणि खोका मऊ पडला तेव्हा फेकून दिलास. मग मी लोकांना काय सांगायचं? "एक मुंगूस असतं, ते शेतातले मुळे उपटतं, गाड्यात भरतं, आणि सूर्य मावळायच्या आत गाडा घरी न्यायचा असतो." एवढ्या वर्णनावर बेचाळीस वर्षांच्या बाईनं जगभर गेम शोधायची. माझी पोरगी मला म्हणाली, "मम्मी, तू हे कुणाला विचारत असशील ना, तेव्हा मी तुझ्याबरोबर नाहीये असं समज."

ते हातात धरून गेम खेळायचं मशीन घरात आलं तेव्हा मी आठवीत होते. आपण काळेवाडीत दोन खोल्यांत राहायचो आणि तू भोसरीच्या कंपनीत गाड्यांच्या वायरींचे जुडगे बांधायला जायचीस. मोठ्या फळ्यावर खुणा आणि खुंट्या, त्यांवरून वायरी टाकत जायच्या, टेप गुंडाळायची. नवे फळे बसवायला एक जपानी इंजिनिअर तीन महिन्यांसाठी आला होता. एका फळ्यावर एक क्लिप उलट्या बाजूला होती, वायर ताणून बसायची आणि सोलायची, हे तुझ्या पहिल्याच दिवशी लक्षात आलं. तू सुपरवायझरला सांगितलंस. तो म्हणाला, "बाई, ड्रॉइंग तुम्ही काढलंय का?" तू गप्प बसलीस. मग एक दिवस तो इंजिनिअर तुझ्या मागं येऊन उभा राहिला, तेव्हा तू काही न बोलता वायर हातात घेतलीस आणि त्याच्यासमोर दोनदा ओढून दाखवलीस. तो वाकला, बघितलं, आणि दुसऱ्या दिवशी फळा बदलला. हे तू आम्हाला जेवताना सांगितलं होतंस, आणि तुझं एवढं लांबलचक बोलणं मी पहिल्यांदाच ऐकत होते.

परत जाताना त्यानं त्याचं स्वतःचं मशीन दिलं. राखाडी रंगाचं, विटेएवढं जाड, आत चार पेन्सिल सेल, आणि त्यात ती एक कॅसेट, तिचा खोकाही बरोबर. तू डब्याच्या पिशवीतून ते काढतेस, ओट्यावर ठेवतेस आणि कुणाकडेही न बघता म्हणतेस, "सायबानं पोरीसाठी दिलंय." बाबा ते उलटंपालटं करून बघतात आणि म्हणतात, "सेल खाईल हे." मी दोन दिवस खेळले. वाचता येईना, मुंगूस काही केल्या पुढं जाईना, मी सोडून दिलं.

आणि मग तू बसायला लागलीस. पहिली शिफ्ट सुटली की साडेचारच्या आत तू घरी. त्या मशीनच्या पडद्याला उजेड नव्हता, म्हणून स्वयंपाकघराच्या खिडकीशी, तांदळाच्या पिंपावर, अंगावर ऊन घेऊन बसायचीस. जीभ दातांत धरलेली. "आरं तिकडं कुठं जायलास, गाडा इकडं हाय की!" लातूर सोडून तुला पंधरा वर्षं झाली होती, पण मुंगसाशी तू तिकडचंच बोलायचीस. एक शब्द वाचता येत नसताना, नुसतं चुकून चुकून, तू पंधरा-सोळा शेतं पार केलीस. दिवेलागण झाली की मशीन कापडात गुंडाळून मसाल्याच्या डब्यामागं, आणि तू कणकेकडं.

त्यानंतर पावसाळ्याच्या आत मी ती कॅसेट घालवली. नदीकडच्या रस्त्यावर व्हिडिओ गेमचं दुकान होतं, तिथं देऊन तिच्या बदल्यात एकातच चौसष्ट गेमवाली घेऊन आले. तू कामावरून आलीस, मशीन लावलंस, पडद्यावर विमानं आणि गाड्यांची यादी आली. मी मोठ्या उत्साहानं सांगत होते, ही बघ, हीपण, हीपण. तू सगळं ऐकून घेतलंस. मग म्हणालीस, "ती माझी होती." बस्स. ओरडली नाहीस, मारलं नाहीस, दुकानात जाऊन परत आण म्हणाली नाहीस. चौसष्टांपैकी एकही गेम तू कधी लावून बघितली नाहीस. खिडकीशी बसून तू मेथी निवडायला लागलीस. अगं, एकदा तरी भांडायचं होतंस! मी दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन रडून आणली असती परत. नऊ वर्षांनी शेवटच्या आजारात तू दवाखान्यात होतीस, बोलायला भरपूर वेळ होता आपल्याकडं, तेव्हा तू मला डाळ किती भिजवायची ते सांगत बसलीस.

तर आता ऐक, तुझ्या त्या तीन शब्दांनी काय केलंय माझं. मी चाकणला एका कंपनीत आहे. बाहेरून येणारे पार्ट तपासायचे, खरे पुढं पाठवायचे, खोट्यांना लाल पट्टी लावायची. या वर्षी आमच्याकडं जपानी पाहुणे तपासणीला आले. त्यांच्याबरोबर मारुंजीला राहणारी एक दुभाषी मुलगी होती, आणि तिच्या चाव्यांना तुझं मशीन लटकत होतं. बोटभर, प्लास्टिकचं, पण अगदी तेच. मी जेवणाच्या सुट्टीत तिला गाठलं आणि मुळ्याचं सगळं रामायण सांगितलं. ती हसली नाही, हे तिचे उपकार. म्हणाली, "ताई, अशी गेम मोबाइलवर नाही मिळायची. काही गेम फक्त त्याच मशीनसाठी काढायचे, त्याही फक्त तिकडंच विकायचे. एक्सक्लुझिव्ह. पण नाव नसेल तर शोधायची कशी?"

मला तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण मी ऑनलाइन शोधत बसले. तिथं प्रत्येक गोष्ट ओरिजिनल आहे, आई. प्रत्येक गोष्ट एक्सक्लुझिव्ह आहे. शंभर टक्के ओरिजिनल, दोनशे टक्के ओरिजिनल. पहिली मागवली, फोटोत शेतात उभा असलेला एक प्राणी होता म्हणून. आली ती हातात घेताच कळलं. लेबल तिरकं, मागची अक्षरं साच्यात उमटलेली नाहीत, नुसती छापलेली, आणि स्क्रू आपल्या घरातल्या पेचकसानं उघडणारा. उघडली तर आत खऱ्या चिपच्या जागी काळ्या डांबराचा एक ठिपका, झालं. आत गेम होती ती मोटारींची. विकणाऱ्याला लिहिलं, तर त्याचं उत्तर, "मॅडम, चालते ना? मग ओरिजिनलच आहे." दिवसभर मी सप्लायरांची हीच उत्तरं ऐकते. दुसरी मागवली, ती खरी निघाली, पण मुंगूस नाही, ससा. तिसरीत तर कॅसेटच नव्हती, नुसता रिकामा खोका पाठवला होता आणि वर लिहिलं होतं, 'कलेक्टरसाठी खास'. त्या दिवशी मी इतकी चिडले की लाइनवरच्या एका बऱ्या पार्टलाही लाल पट्टी लावून आले.

मग काळेवाडीला गेले. ते दुकान अजून आहे, आता तिथं मोबाइलची कव्हरं आणि चार्जर लटकतात. दुकानवाले चाचा तेच, दाढी पांढरी झालीय. मी सांगितलं, अठ्ठावीस वर्षांपूर्वी तुम्ही माझ्याकडून एक पिवळी कॅसेट घेतली होती. चाचा माझ्याकडं बघतच राहिले. "बेटा, कालचं चार्जर कुणी नेलं ते मला आठवत नाही."

"पण ती ओरिजिनल होती, चाचा."

"तेव्हा ओरिजिनल कोण मागत होतं? एक गेमवाली कॅसेट पाहून पोरं तोंड वाकडं करायची. मी तर ओरिजिनल आली की खोलायचो, आतला माल काढून दुसऱ्या दुरुस्त करायचो." एवढं बोलल्यावर त्यांना माझा चेहरा दिसला असावा. त्यांनी स्टूल पुढं सरकवलं, चहा सांगितला. "कुणाची होती?" मी म्हटलं, आईची. चाचांनी हातातला चार्जर खाली ठेवला. मग म्हणाले, "तुझी अम्मी आली असती ना, तर मी शोधून दिली असती. आली का नाही?" आता याचं उत्तर मी काय देऊ? तूच सांग.

शेवटी मी तुझ्या लाइनवरच्या मावशींकडं गेले. तुझ्या शेजारच्या फळ्यावर उभ्या असायच्या त्या, मूळच्या राहटणीच्या. आता थेरगावला लेकाकडं असतात, गुडघे गेलेत, पण आवाज तोच. मी आपलं गेमचं नाव विचारायला गेले होते. म्हटलं, "मावशी, आईनं माझी ती गेम कधी कंपनीत आणली होती का? वरचं चित्र काही आठवतंय?"

"तुझी?" मावशी म्हणाल्या. "तुझी कधी व्हती गं ती? तिलाच दिली व्हती की."

"पण साहेबानं पोरीसाठी..."

"आगं, मी तितंच हुबी व्हते. दुभाष्या व्हता संगं. त्यो म्हनला, साहेब म्हनत्यात, ह्या बाईंची नजर चांगली हाय, म्हून ही भेट त्यांना. पोरीचं कुनी नावबी काडलं न्हाई."

"मग घरी असं का सांगितलं तिनं?"

"मंग काय सांगनार? परदेशी सायबानं मला भेट दिली? लाइनवरच्या बाया तर आदीच कायबाय बोलत व्हत्या. लेकीचं नाव घ्येतलं की समदी गप."

मावशी पुढं सांगत होत्या, डब्याच्या सुट्टीत तू ती कॅसेट हळूच काढून त्यांना दाखवायचीस, पिवळ्या कागदावर ते मुंगूस, डोक्याला टापशीसारखं निळं फडकं बांधलेलं. थेरगावहून घरी येईपर्यंत मी स्कूटरवर तुझ्याशी मोठ्यानं भांडत होते. सिग्नलला शेजारचा रिक्षावाला बघायला लागला. अगं, एवढं साधं! सगळ्यांना गप्प करण्यासाठी तू जे सांगितलंस ते मलाही का सांगितलंस? मी तुझी पोरगी होते की लाइनवरची बाई?

पण निळ्या फडक्यानं काम झालं. दुभाषी मुलीला कळवलं, आणि दोन दिवसांनी तिचा फोन. "ताई, सापडली! आणि ते मुंगूस नाहीये. त्यांच्याकडचा एक प्राणी आहे, आपल्याकडं नसतो." नावाचा अर्थ विचारला तर म्हणाली, "सांज व्हायच्या आत, असं काहीतरी." तिच्या ओळखीतलं कुणीतरी तिकडून येणार होतं, त्यानं एका जुन्या दुकानातून आणली. गेल्या रविवारी माझ्या हातात आली. मी ती तपासली, जसे मी पार्ट तपासते तशी. साच्यात उमटलेली अक्षरं, वेगळ्या डोक्याचा स्क्रू, लेबलावर दाबून उठवलेला बारीक नंबर. सगळं खरं. तुझं मशीन मी इतकी वर्षं कपाटात ठेवलंय, सेल घातले तर चालू झालं. गॅलरीत उजेडाला बसले.

आई, इतकी कंटाळवाणी गेम मी जन्मात बघितली नाही. ते मुंगूस बैलगाडीपेक्षा हळू चालतं. दोन सुरांचं एकच गाणं परत परत वाजतं. मुळा उपटताना बटण किती वेळ दाबायचं हे कुठं सांगितलेलं नाही, जरा कमी दाबलं तर मुळा तुटतो, जास्त दाबलं तर मुंगूस पाठीवर पडतं. गाडा वळता वळत नाही. आठवडाभर मी रोज संध्याकाळी बसतेय आणि तिसऱ्या शेताच्या पुढं गेलेले नाही. यात तू काय बघायचीस? माझ्या पोरीनं हात लावून बघितला आणि पाच मिनिटांत ठेवून दिली. मी मात्र अजून बसतेय, आणि मला रोज नव्यानं राग येतोय, कारण तू सोळा शेतं पार केली होतीस आणि कसं जमवायचं ते शिकवायला तू इथं नाहीस.

हे कागद मी कुठं पाठवणार नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते, जी चाचांना सांगितली नाही की मावशींना. कॅसेट नेली त्याच्या आदल्या दिवशी माझा चित्रकलेच्या परीक्षेचा निकाल लागला होता. 'ए' श्रेणी, साऱ्या वर्गात मी एकटी. मी धावत घरी आले, दारातून तुला तीन हाका मारल्या. तू मान वर न करता म्हणालीस, "थांब गं जरा, एवढं शेत होऊ दे." तुझ्या चेहऱ्यावर ऊन होतं आणि तू हसत होतीस, त्या मुंगसाकडं बघून. मी कागद हातात धरून उभी राहिले, मग दप्तरात ठेवला आणि तुला दाखवलाच नाही. तुला वाटलं असेल, पोरीला चौसष्ट गेमची हाव सुटली. मला एकही नको होती. घरात ती कॅसेट कुणाची आहे हे मला तेव्हाच पक्कं कळलं होतं. तुझी होती म्हणूनच मी ती नेली.