दोन मिनिटांत पुस्तक

३ जानेवारी, सोमवार. सकाळी ६.१०
आजपासून राग बंद. कायमचा. बायकोला सांगितलं. ती नर्स आहे, ड्यूटीला निघाली होती. म्हणाली, मग आत्ता दाराला लाथ कुणी घातली? कडी अडकली होती. त्याला राग म्हणत नाहीत.

कारण : चोवीस तारखेला कॉलेजात तपासणी समिती येतेय. पाच वर्षं हंगामी ग्रंथपाल म्हणून घासतोय. समिती खूश झाली तर कायम, नाहीतर सत्र संपलं की घरी. माझी योजना तयार आहे : 'दोन मिनिटांत पुस्तक'. वाचक आणि ज्ञान यांच्यामध्ये कुणी येता कामा नये. आला तर बघून घेईन.

४ जानेवारी
योजना सुरू. आजवर पुस्तकं विषयवार, क्रमांकाने लावायचो. मागासलेपणा. यापुढे मागणीप्रमाणे. जास्त मागणी ती दाराजवळ, कमी ती मागे.

आमचे शिपाई काका (सेवा एकतीस वर्षं, मे महिन्यात निवृत्त) म्हणाले, साहेब, कॉम्प्युटर तर जुनीच जागा दाखवणार, मुलांना सापडायचं कसं? कॉम्प्युटर नंतर बदलू, असं मी शांतपणे सांगितलं. सांगताना हातातला स्टेपलर भिंतीवर गेला. पोपडा उडाला. तो तसाही उडणारच होता.

८ जानेवारी
तीन हजार पुस्तकं हलवली. कंबर गेली. परिणाम मात्र उत्तम. पूर्वी मुलं दहा मिनिटांत पुस्तक घेऊन पळायची. आता दोन-दोन तास कपाटांमधून फिरतात. वाचक थांबण्याचं प्रमाण बारापट. समितीच्या फाइलला लावलं.

११ जानेवारी
जीवरसायनशास्त्राचं जाड पुस्तक कायद्याच्या पुस्तकांत सापडलं. एकाच वेळी दोघांना. ओढाओढी. एक दुसऱ्याच्या मनगटाला चावला. मी मध्ये पडलो. एकाची कॉलर धरली, दुसऱ्याला टेबलावर आपटलं. हळूच. तेवढ्यात पुस्तकाचे दोन तुकडे झाले. दोघांना अर्धं अर्धं इश्यू केलं. एका प्रतीत दोन वाचक.

१४ जानेवारी
घातपात! मी दाराजवळ लावलेली पुस्तकं परत मागच्या रॅकमध्ये. कोणीतरी माझ्या मुळावर उठलंय. संशय चष्मेवाल्यावर. नऊ वर्षं पीएचडी करतोय आणि म्हणतो, मला हवं ते सापडतं. सगळ्यांना सापडत नाही तर याला कसं सापडतं? गोडीने विचारलं. चष्मा फुटला. संध्याकाळी बायकोने विचारलं, बोटं कशाने सोलली? म्हटलं, चौकशीने.

१८ जानेवारी
घातपात चालूच. रोज दोन-तीनशे पुस्तकं. चष्मेवाला चार दिवस फिरकलेला नाही, म्हणजे साथीदार असणार.

बायकोचा सल्ला, राग आला की शंभर आकडे मोज. राग बंदच आहे, पण तिच्या समाधानासाठी मोजले. सत्तेचाळिसाव्याला टेबलाची काच फुटली. चार टाके. तिनेच घातले. म्हणाली, बधिर करायचं औषध संपलंय. संपलं नसावं.

२१ जानेवारी. दुपारी १.०५
सापळा. एक ते दोन जेवणाची सुट्टी, ग्रंथालय रिकामं. मी मागच्या रॅकआड दबा धरून. हातात नियतकालिकांचा बांधीव खंड. साडेतीन किलो. आजवर एकदाही इश्यू झालेला नाही. आज उपयोगाला येईल.

संध्याकाळी ७
आला. पाठमोरा, वाकून पुस्तकं लावत होता. दोन्ही हातांनी खंड हाणला. सरळ डोक्यात. तो रॅकवर कोसळला, वरचे दोन कप्पे त्याच्या अंगावर आले.

काका होते.

रक्त बरंच गेलं. बायकोच्याच हॉस्पिटलात नेलं. नऊ टाके. शुद्धीवर येताच काका तिला म्हणाले, तीन रॅक राहिलेत, समिती यायच्या आत होतील. दहा दिवस जेवणाची सुट्टी सोडून ते पुस्तकं मूळ जागी लावत होते. साहेब तापट आहेत पण जीव ओतून करतात, नोकरी टिकायला हवी, असं म्हणाले. हे सगळं बायकोने मला कॉरिडॉरमध्ये सांगितलं. आवाज न चढवता.

मी म्हटलं, त्यांनी मला विचारायला हवं होतं. ती म्हणाली, विचारलं असतं तर तू काय केलं असतंस?

माफी मागायची आहे. समिती झाली की मागतो. एका वेळी एक काम.

२४ जानेवारी
अध्यक्षबाईंनी चिठ्ठीवर पुस्तकाचं नाव लिहिलं. म्हणाल्या, दोन मिनिटं ना? आणा. मी धावलो. अकरा मिनिटं झाली. घाम फुटला. तेवढ्यात काका आले. रजेवर असताना, डोक्याला पट्टी. चिठ्ठी वाचली, आत गेले, मिनिटाभरात पुस्तक आणून ठेवलं.

बाईंनी विचारलं, डोक्याला काय झालं? काका म्हणाले, वरच्या कप्प्यातून खंड पडला, साहेबांनीच दवाखान्यात नेलं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी होकारार्थी मान हलवली.

माफी उद्या.

३१ जानेवारी
कायम झालो. पत्र हातात आहे. शेरा : मांडणी उत्तम, सेवा तत्पर. खाली आणखी एक ओळ : जड खंड उंचावर निष्काळजीपणे ठेवल्याबद्दल शिपायास लेखी समज द्यावी.

ती मी द्यायची. प्राचार्यांच्या दारापर्यंत गेलो, खरं सांगून टाकावं म्हणून. आत माणसं बसली होती. परत आलो. मेमो लिहिला. शक्य तितक्या सौम्य भाषेत.

काकांनी उभ्याने वाचला. मी खंडाचा क्रमांक चुकीचा टाकला होता, तो त्यांनी दुरुस्त करून दिला. सही केली. तेव्हा मात्र मला राहवलं नाही. म्हटलं, काका, चुकलं माझं.

ते म्हणाले, हो.

मला वाटलं होतं, असू द्या साहेब म्हणतील. थोडा वेळ वाट पाहिली. ते राहिलेले तीन रॅक लावायला निघून गेले.