बोंदोकचे गुडघे आणि माझा उपवास

शुब्रा, कैरो
झावळ्यांच्या रविवारचा आदला दिवस

तीर्थस्वरूप मार्सेलताईस,

धाकटा भाऊ लबीब याचा, तुझे दोन्ही हात कपाळाला लावून, नमस्कार. तुझी, रामीची, त्याच्या बायकोची (तिचं नाव मला अजून उच्चारता येत नाही, म्हणून प्रार्थनेत मी नुसतं ‘सूनबाई’ म्हणतो, देवाला कळतं) आणि नातवंडांची प्रकृती प्रभूच्या दयेने ठणठणीत असावी. कॅनडातला बर्फ वितळला असेल, तुझा रक्तदाब उतरला असेल आणि माझ्यावरचा रागही थोडा उतरला असेल, अशी आशा करतो. माझी खुशाली विचारशील तर न विचारलेलीच बरी. ईस्टरआधीच्या मोठ्या उपवासाचा आज अठ्ठेचाळिसावा दिवस, मांस-दूध-अंडं सगळं बंद. सकाळी बाकल्याच्या दाण्यांची उसळ, दुपारी बाकल्याचे वडे, रात्री बाकल्याचं पिठलं. आता अंगाला बाकल्याचे कोंब फुटायचे तेवढे राहिलेत. हे सगळं फोनवर का सांगत नाही, असं तू म्हणशील. ताई, लहान तोंडी मोठा घास घेतो, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. पत्राला मध्येच तोडता येत नाही, म्हणून हा खटाटोप. चर्चमधले एक गृहस्थ तुमच्याच गावी निघालेत, त्यांच्या हाती देतोय.

विषय तुझ्या कुत्र्याचा. ‘तुझ्या’ या शब्दाखाली मी मुद्दाम रेघ मारली आहे. सहा महिन्यांसाठी म्हणून तू बोंदोकला माझ्या गळ्यात घालून गेलीस, त्याला चार वर्षं झाली. मला कुत्री कधीच आवडली नाहीत, हे तू जाणतेस. टेलिफोन खात्यात छत्तीस वर्षं काढली ती कुणी अंगावर येऊन चाटू नये म्हणूनच. असो. उपवास सुरू व्हायच्या आधी तुझा हुकूम आला, तो मला तोंडपाठ आहे: ईस्टरनंतर रामी येणार. कुत्रा चार पायांवर धड चालतो असं डॉक्टरांचं सर्टिफिकेट असलं तर तो त्याला विमानाने कॅनडाला नेणार, आणि नसलं तर उगाच हाल न करता इंजेक्शन देऊन त्याला शांत झोपवायचं. तोवर मी त्याच्या सांध्यांसाठी ‘एखादं चांगलंसं काहीतरी बघून’ द्यायचं. ताई, हे तू असं लिहिलंस की जणू मला टरबूज बघायला पाठवते आहेस.

बोंदोकची अवस्था तुला माहीत नाही. बारा वर्षं सरली, वजन सत्तावीस किलो, मागचे दोन्ही पाय आणि कंबर संधिवाताने धरलेली. आपण तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट तू गेल्यापासून दोनदा चालली, दोन्ही वेळा फक्त खाली. त्यामुळे दिवसातून तीन वेळा त्याच्या पोटाखालून टॉवेल घालून मी त्याला उतरवतो आणि तीन वेळा चढवतो. (माझ्या पोटाखालून टॉवेल घालणारं कुणी नाही.) गल्लीतली मंडळी विचारतात, ‘काय उस्ताद, तुम्ही कुत्र्याला फिरवताय की कुत्रा तुम्हाला?’ मी सांगतो, बाबांनो, फिरवणं राहिलं बाजूला, इथे निवृत्तीनंतरची हमाली चालली आहे.

तर मी त्याला टॅक्सीत घालून डॉक्टर फेरियालकडे नेलं. (टॅक्सीवाल्याने ‘पाहुणे आजारी आहेत का?’ म्हणून विचारलं, कारण मी त्याला तुझ्या शालीत गुंडाळलं होतं. शाल धुवायला टाकली आहे.) डॉक्टरीणबाई कडक, पण हात मऊ. गुडघे दाबून पाहिले आणि म्हणाल्या, हा पूर्ण बरा होणार नाही, पण चालता होईल. सांध्यांचं पूरक द्या, सहा आठवडे, रोज. चांगलं असलं म्हणजे झालं, कुठलंही द्या. ताई, ‘कुठलंही’ या शब्दाने माझा घात केला. पूरक म्हणजे धड औषध नव्हे, धड अन्न नव्हे. डब्यावर हसणाऱ्या कुत्र्याचं चित्र असतं आणि आत काय आहे ते मुंगीच्या अक्षरात.

उपवासाच्या पहिल्याच दिवशी औषधवाल्या हलीमकडे गेलो. त्याने पाच डबे समोर मांडले. आता माझी चूक म्हण, सवय म्हण, या दिवसांत दुकानात बिस्किटाचा पुडा उचलला तरी आपल्या तोंडून जो प्रश्न निघतो तोच निघाला: ‘उपवासाला चालतं का हे?’ हलीम आपल्याच पंथातला, त्याचंही उत्तर जिभेवर बसलेलं. ‘हे नाही चालायचं, उस्ताद, यात गायीच्या सांध्यातली कूर्चा आहे. यात खेकड्याचं कवच.’ (खेकडा उपवासाला चालतो की नाही यावर दुकानातल्या तीन गिऱ्हाइकांत तिथेच जुंपली. एकाचा मेहुणा मठात असल्यामुळे तो जिंकला.) ‘पण हे बघा, निव्वळ झाडपाल्याचं. मठातला साधूसुद्धा डोळे मिटून घेईल.’ मी खूश होऊन घेतलं. अठरा दिवस तुझ्या कुत्र्याने ती हिरवी पूड बाकल्याच्या उसळीतून खाल्ली आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला माझी सगळी जुनी पापं आठवली. एकोणिसाव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी डबा उलटसुलट करून पाहिला. ‘हा कुत्रा आहे, मेंढी नाही. हे कुणी निवडलं?’ मी म्हणालो, ‘उपवास चालू आहे.’ त्यांनी विचारलं, ‘कुणाचा?’

पश्चात्तापाने पोळलेला माणूस दुसऱ्या टोकाला जातो. परतीच्या वाटेवर गाबिर खाटकाचं दुकान. उपवासात आपलं अर्धं शुब्रा त्याच्याकडे ढुंकून बघत नाही, त्यामुळे मला पाहून तो उठून उभाच राहिला. ‘उस्ताद, डबेबिबे सोडा. गुडघ्याचं औषध गुडघ्यातच असतं. बैलाचे चार पाये रात्रभर उकळा, कुत्रा गच्चीवर नाचेल.’ मला पटलं. पण भर उपवासात हातात पाये घेऊन जिना चढायचं धाडस होईना. म्हणून ठरलं असं, की मी वर जाऊन सज्जातून नेहमीसारखी टोपली सोडावी आणि त्याने गुपचूप माल ठेवावा. त्याने ठेवला. मी दोरी ओढू लागलो. आणि ताई, माल बरोबर दुसऱ्या मजल्यापाशी, फायकाबाईंच्या वाळत घातलेल्या चादरीत अडकला.

फायकाबाईंना तू ओळखतेस. नवरा गेल्यापासून त्यांनी इमारतीतल्या प्रत्येकाच्या आत्म्याची जबाबदारी स्वतःकडे घेतली आहे. त्या सज्जात भाजी निवडत बसल्या होत्या. त्यांच्या चादरीतून एक खूर हळूहळू वर आला. मी वरून ओरडलो, ‘कुत्र्यासाठी आहे, फायकाबाई!’ त्यांनी टोपलीत नीट वाकून पाहिलं. गाबिरने प्रेमापोटी दोन कांदे आणि मसाल्याची पुडीही टाकली होती. ‘असं होय? आणि हे वेलदोडेही कुत्राच खाणार का?’ संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला दोन गोष्टी कळल्या होत्या. एक, टेलिफोनवाल्या लबीबने उपवास मोडला. दोन, तो वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी लग्न करतोय. कारण या शहरात पुरुषमाणूस पाये कशासाठी शिजवतो हे तुला मी सांगायला नको. (मेहुण्यांनी तुमच्या लग्नाआधी महिनाभर खाल्ले होते, देव त्यांच्या आत्म्याला शांती देवो.) रविवारी चर्चमध्ये दोन विधवांनी मला बघून डोक्यावरचा रुमाल सारखा केला. आणि बोंदोक? तो भांडंभर रस्सा प्यायला, दोन दिवस तृप्त झोपला आणि तिसऱ्या दिवशी जिन्यात जे केलं ते पवित्र आठवड्याच्या तोंडावर मी लिहू इच्छित नाही. तिन्ही मजले मीच धुतले.

शेवटी डॉक्टरीणबाईंनी स्वतःच्या कपाटातून एक डबा काढून दिला. चघळायच्या गोळ्या, भाजलेल्या काळजाच्या चवीच्या. पण बोंदोकचा आता कशावरच विश्वास राहिला नव्हता. नाक लावी आणि तोंड फिरवी. बाईंनी सांगितलं, तव्यावर जरा ऊन करा, वास सुटला की खाईल. वास सुटला. काय वास सुटला म्हणून सांगू! स्वयंपाकघराच्या खिडकीतून डक्टमध्ये, डक्टमधून फायकाबाईंच्या खिडकीत, आणि फायकाबाईंकडून थेट चर्चमध्ये. अर्ध्या तासात अबूना बिसेंती दारात. बिचारे पाद्रीबाबा स्वतःच्याच गुडघ्यांवर हात टेकत तीन मजले चढून आले होते. दार उघडंच होतं, त्यामुळे त्यांना जे दिसलं ते असं: मी फरशीवर ओणवा, समोर बोंदोक ओणवा, आणि माझ्या तोंडात अर्धी गोळी. कारण मी आधी खाल्ल्याशिवाय तो घास घेत नाही (ही सवय त्याला तूच लावलीस).

‘तोंडात काय आहे, लबीब?’

‘पूरक आहे, अबूना.’

त्यांनी डबा हातात घेतला, चष्मा वर करून मुंगीची अक्षरं वाचली आणि निवाडा दिला, ‘कुत्र्याला उपवास नाही. तुला आहे.’ मी मान खाली घातली. मग त्यांनी दार लोटून घेतलं आणि आवाज उतरवून विचारलं, ‘चवीला कशी आहे?’ खोटं बोललो असतो तर ते दुसरं पाप झालं असतं. मी म्हणालो, ‘अबूना, तेवीस दिवसांत इतकं चांगलं काही खाल्लं नव्हतं.’ प्रायश्चित्त म्हणून आठवडाभर भाकरी आणि मीठ मिळालं. जाताना त्यांनी बोंदोकच्या डोक्यावरून हात फिरवला, माझ्या नाही.

तेव्हापासून याच गोळ्या चालू आहेत. गुण म्हणशील तर काय सांगू! उभा राहतो, दोन पावलं टाकतो, बसतो, सुस्कारा सोडतो. विमानात चढण्याजोगा तर मुळीच नाही. पण इंजेक्शन देण्याजोगाही म्हणता येणार नाही. मधलंच काहीतरी आहे. रामीला उगाच एवढ्या लांब येण्याचा त्रास देऊ नये असं मला वाटतं. तिकिटं महाग, मुलं लहान. मी इथे जसंतसं निभावून नेतो आहे. माझी कंबर गेली, अब्रू गेली, उपवास गेला. आता आणखी जायला काही उरलेलं नाही, तेव्हा माझी काळजी नसावी. सर्वांना आशीर्वाद, सूनबाईंना विशेष.

तुझा आज्ञाधारक (वेळोवेळी),
लबीब

ता. क. एक गोष्ट सांगायची राहिली. डब्यावर दिवसाला दोन गोळ्या लिहिल्या आहेत. मी एकच देत होतो. सरळ गणित होतं, ताई. दोन दिल्या तर तो कॅनडाला जाणार, एकही नाही दिली तर वर जाणार. एक दिली तर शुब्रात राहणार. इतकी शोधाशोध करून मी शेवटी औषध नव्हे, अर्धं औषध निवडलं होतं.

आणखी ता. क. डॉक्टरीणबाईंनी मला पकडलं. डबा संपायला हवा होता, तो अर्धा भरलेला होता. त्या रागावल्या नाहीत, नुसतं म्हणाल्या, ‘उस्ताद, अर्ध्या औषधाने कुत्रा तुमच्यापाशी राहत नाही. त्याला फक्त दुखत राहतं.’ मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. त्या दिवसापासून दोन देतो. तेरा दिवस झाले. वर ‘उभा राहतो, बसतो, सुस्कारा सोडतो’ असं लिहिलंय ते माझं वर्णन आहे, त्याचं नव्हे. परवा तो तिन्ही मजले स्वतःच्या पायांनी चढला. मी दुसऱ्या मजल्यावर धाप लागून पायरीवर बसलो, तर परत खाली आला आणि मी उठेपर्यंत शेजारी बसून राहिला. डॉक्टरीणबाईंनी सर्टिफिकेट दिलं आहे, शिक्क्यासकट. सोबत जोडलं आहे.

शेवटचं ता. क. पाकीट चिकटवण्याआधी खरं लिहितो. तू गेल्यावर या घरात संध्याकाळी मी कुणाशी एक शब्द बोलत नव्हतो. आता बोलतो. तो ऐकतोच असं नाही, पण मध्येच उठून जात नाही. सर्टिफिकेट सोबत जोडलेलं नाही. विसरलो नाही, इथे टेबलावर माझ्यासमोरच आहे. तू मागितलंस तर पाठवीन, तुझा शब्द मी आजवर मोडलेला नाही. ताई, मागू नकोस.