शुक्रवारी सरोवराकडून वारा येईल

गुरुवार, सकाळ

प्रिय एमेट,

लॉकरमध्ये बुटांखाली हा कागद सापडला म्हणून दचकू नकोस. संघातून काढल्याचा निरोप कागदावर येत नाही. त्यासाठी माणूस येतो, "कोचनी बोलावलंय" म्हणतो आणि डावपेचांचा टॅब्लेट परत करायला सोबत घ्यायला सांगतो. हे नुसतं माझं पत्र आहे. लुअ‍ॅन आमच्या मुलींना शाळेचे बूट घ्यायला घेऊन गेली आहे, घर रिकामं आहे आणि मी स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसलोय. काल लिफ्टमध्ये तू विचारलंस, "आजोबा, शुक्रवारचा सामना कसा होईल, सांगा ना." शेजारी कोच उभे होते, म्हणून मी म्हटलं, "पाऊस नाही पडणार." तू बिचारा हसलास. छत्तीस वर्षांच्या माणसाला आजोबा म्हणणाऱ्या पोराला एवढंच उत्तर पुरे, असंही मला वाटलं असेल. पण तू मनापासून विचारलं होतंस, तेव्हा आता मनापासून सांगतो.

जगाच्या लेखी हा सामना नाहीच. फुटबॉलचा हंगाम सुरू व्हायच्या आधीचा, कुठल्याही तक्त्यात न धरला जाणारा. ज्यांच्याकडे वर्षभराची तिकिटं आहेत ते उद्याचं तिकीट शेजाऱ्याच्या भाच्याला देऊन टाकतील. निम्मं स्टेडियम मैदानाकडे पाठ करून सॉसेज खात बसेल. आपले मोठे खेळाडू टोप्या घालून कडेला उभे राहतील, सूर्यफुलाच्या बिया चघळतील आणि खेळाच्या तिसऱ्या टप्प्यात एकमेकांच्या बुटांवर पाणी ओततील. माझा न्हावी परवा म्हणाला, "डॅरिल, हरलात तरी चालतं, जिंकलात तरी चालतं, मग खेळता कशाला?" मी म्हटलं, "मंगळवारी संघात नव्वद जणांचे त्रेपन्न उरतात, म्हणून." त्यावर तो म्हणाला, "आणि तू नक्की करतोस काय रे? बारा वर्षं तुझे केस कापतोय, पण टीव्हीवर तू कधी दिसला नाहीस." मी सांगितलं की पंट मारणाऱ्याकडे, म्हणजे चेंडू लांब लाथाडणाऱ्याकडे, दोन पायांच्या मधून चेंडू मागे फेकतो, पंधरा यार्ड, रविवारी आठ-नऊ वेळा. त्याने कात्री खाली ठेवली आणि विचारलं, "बस, एवढंच?" एवढंच. आणि त्या एवढ्याशा कामासाठी त्रेपन्नांत जागा एकच असते. आपण दोघं आहोत. महिनाभर एकाच खोलीत झोपलो, एकाच टबात बर्फात बसलो, पण हे वाक्य आपण एकदाही मोठ्याने बोललो नाही.

आता सामना. संध्याकाळी सात वाजता वारा सरोवराकडून येईल. वरच्या झेंड्यांवर विश्वास ठेवू नकोस, ते उलटंच सांगतात. उत्तरेकडच्या गोलजवळ जमिनीवर कागदी रुमाल लोळत असतात, ते जिकडे सरकतात तो खरा वारा. पहिला अर्धा खेळ मी, दुसरा तू. आपला पंटर लॅकलन दुसऱ्या अर्ध्यात दमतो, पंट मारताना अर्धं पाऊल उजवीकडे उभा राहतो आणि वर तुलाच शिव्या देतो. ऑस्ट्रेलियातून आलाय, अमेरिकन फुटबॉल इथेच शिकला, चहा मिळाला नाही की त्याचं डोकं फिरतं, मनावर घ्यायचं नाही. त्याला चेंडू उजव्या कमरेशी हवा. किकरला गोल मारता यावा म्हणून तो चेंडू जमिनीवर धरतो तेव्हा शिवण पुढे आलेली हवी, नाहीतर किकर त्याच्यावर डाफरतो आणि लॅकलन तुझ्यावर. हे तुला येतं. खरं सांगू? तुझा चेंडू माझ्यापेक्षा वेगात जातो. हे मी कोचना सांगितलेलं नाही, पण घड्याळ त्यांच्याकडेही आहे.

समोरच्या डेट्रॉईट संघाचे पक्के खेळाडू उद्या खेळणार नाहीत. दुसऱ्या अर्ध्यात तुझ्यासमोर तुझ्यासारखीच पोरं असतील, मंगळवारची धास्ती घेतलेली. त्यांचा एक्क्याण्णव नंबरचा लुइझियानाचा गडी बघून ठेव. कपाटाएवढा आहे, पण पहिलं पाऊल मांजरासारखं टाकतो. त्याला एक पंट अडवता आला तर त्याची नोकरी पक्की, म्हणून तो जिवावर उदार होऊन येईल. त्याच्यावर रागावू नकोस. त्याचीही आई कुठेतरी टीव्हीसमोर बसलेली असणार.

त्यांच्याकडे किकचं सगळं बघतात ते कोच वॉरविक. सहा वर्षं ते आपल्या इथे होते, मला त्यांनीच घडवलं. लहान चणीचा, सतत खोकणारा माणूस. समोरच्या संघाच्या चित्रफिती बघताना ते चेंडूकडे बघतच नाहीत, चेंडूवर वाकलेल्या माणसाची बोटं बघतात. मला शेजारी बसवून म्हणायचे, "डॅरिल, माणूस तोंडाने खोटं बोलेल, पण त्याचे हात आधी बोलून जातात." तुझे दोन्ही सराव सामने त्यांनी पाहिले असणार, एकदा नाही, वीस वेळा. ही गोष्ट लक्षात ठेव, तिच्याकडे मी पुन्हा येणार आहे. यायला जीव होत नाहीये, म्हणून आधी दुसरं सांगतो.

तेरा वर्षांपूर्वी मी इथे आलो तेव्हा ही जागा बक हॉलब्रुकची होती. टेनेसीहून नवा शर्ट घालून आलो होतो. पहिल्या दिवशी त्याच्याजवळ जाऊन म्हटलं, "सर, तुमच्याकडून खूप शिकायचंय." तो बुटाची नाडी बांधत होता. मान वर न करता म्हणाला, "माझ्याकडे शिकवण्यासारखं काही नाही, आणि असलं तरी तुला नाही. चल, फूट." महिनाभर तो माझ्याशी बोलला नाही. शेवटी त्याला काढलं तेव्हा पिशवी उचलून माझ्यासमोरून गेला आणि तेव्हाही बोलला नाही. मी त्या रात्री लुअ‍ॅनला फोनवर म्हटलं होतं की माझ्यावर ही वेळ येईल तेव्हा मी असा वागणार नाही. ती म्हणाली, "आधी टिकून तर दाखव." टिकलो. आणि मग या उन्हाळ्यात तू आलास, नॉर्थ डकोटाहून, आईने दिलेला रुबार्बच्या वड्यांचा डबा घेऊन. मला हेल्मेट उचलू देईनास, मला "सर" म्हणायचास. पहिल्या जेवणाला नव्यांनी उभं राहून गायचं असतं, तेव्हा तू चर्चमधलं गाणं इतकं बेसूर गायलास की स्वयंपाकी बाहेर आले. मला तू आवडलास. हे मी आधीच लिहून ठेवतो, कारण पुढचं वाचल्यावर तुला ते खरं वाटणार नाही.

सगळे म्हणतात, डॅरिल किती मोठ्या मनाचा, आपली जागा घ्यायला आलेल्या पोराला हाताला धरून शिकवतोय. वर्तमानपत्रातल्या त्या बाईने तसं छापलंसुद्धा. मीही फोटोला हसून उभा राहिलो. तुझ्या गुडघ्यातला कोन मी सुधारला. श्वास कधी सोडायचा ते सांगितलं. ओल्या चेंडूला हात कसा पुसायचा तेही. तू प्रत्येक वेळी मान डोलावून "थँक यू सर" म्हणालास आणि रात्री ते वहीत लिहून ठेवलंस. तुझी ती वही बघितली की माझं मन मला खायचं. लुअ‍ॅनच्या नजरेतून काही सुटत नाही. परवा जेवताना मी तुझ्याबद्दल बोलत होतो, तर काटा खाली ठेवून तिने विचारलं, "तू त्याला शिकवतोस की त्याच्यावर पाळत ठेवतोस?" मी म्हटलं, "दोन्ही एकच." ती म्हणाली, "नाही, डॅरिल." मग तिने मुलींना आणखी बटाटे वाढले आणि तो विषय तिथेच राहिला.

गेल्या शनिवारी सामना संपल्यावर वाहनतळावर एक उंच माणूस माझ्यासाठी थांबला होता. तुझे वडील. पिकअप चालवत दोन दिवसांचा रस्ता कापून आले होते, परत तेवढाच कापायचा होता. तुझे सहा चेंडू बघायला. "बाकीच्या खेळातलं मला कळत नाही," म्हणाले, "पोरगं वाकलं की मी उभा राहतो, त्याने चेंडू टाकला की बसतो. मागचे लोक ओरडतात." मग माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, "तो तुमचं नाव घेतल्याशिवाय फोन ठेवत नाही. तुम्ही आमच्या पोराला सांभाळताय, आम्हाला फार बरं वाटतं." त्यांचे तळवे खडबडीत होते आणि ते हात सोडायला तयार नव्हते. "पोरगं गुणी आहे," एवढंच मी म्हणू शकलो.

एमेट, बकने मला निदान तोंडावर हाकललं. मी तुला हसत हसत हातचं राखून शिकवलं. शिबिराच्या तिसऱ्या दिवशी मला एक गोष्ट दिसली आणि ती मी आज अठ्ठावीस दिवस पोटात ठेवली आहे. तू पंटसाठी वाकतोस, पायांमधून मागे बघतोस, सगळं थांबतं. मग तुझ्या डाव्या हाताची करंगळी चेंडूवरून उचलली जाते. जेमतेम बोटभर. आणि अर्ध्या श्वासानंतर चेंडू सुटतो. दर वेळी, एकदाही चुकत नाही. आपल्या कोचना ते दिसलेलं नाही, कारण ते घड्याळ बघतात. आधीच्या दोन संघांनाही दिसलं नाही. वॉरविकना दिसलेलं आहे. त्यांनी मला काही कळवलेलं नाही, पण त्या माणसाशेजारी मी सहा वर्षं बसलोय. उद्या एक्क्याण्णव नंबरवाला तुझ्या डोळ्यांत बघणार नाही, तुझ्या करंगळीकडे बघेल आणि चेंडूच्या आधी लॅकलनपर्यंत पोहोचेल. अडवलेला पंट टीव्हीवर दहा वेळा दाखवतील, आणि मंगळवारी टॅब्लेट तुझ्याकडून मागितला जाईल. हे सगळं माझ्या डोक्यात तयार होतं, घडायचंच काय ते बाकी होतं. मला काहीही करायचं नव्हतं, फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसणं मला फार छान जमत होतं.

आता उपाय. एका दिवसात सवय मोडायला जाऊ नकोस, हात बिचकेल आणि चेंडू डोक्यावरून जाईल. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट पांढऱ्या पट्टीने एकत्र बांध, मधल्या पेराच्या खाली, दोन वेढे, तिसरा नको. मी आज सकाळी गॅरेजच्या दारावर चाळीस चेंडू तसे टाकून पाहिले, वेग कमी होत नाही. दुपारच्या सरावात बांधून बघ. पहिले चार विचित्र वाटतील, पाचव्याला विसरशील. कुणी विचारलं तर बोट मुरगळलं म्हण. माझं नाव सांगायची गरज नाही, पण सांगितलंस तरी माझी हरकत नाही. हे पत्र मी त्या दोन वेढ्यांसाठी लिहिलं, बाकी सगळं तिथपर्यंत यायला धीर हवा होता म्हणून. तू बांधलीस तर मंगळवारी मला बोलावतील हे मला कळतं, आणि मला भीती वाटते रे. तेरा वर्षांत मी दुसरं काहीच शिकलो नाही. तरीही बांध, एमेट. आणि मला माफ करायचं की नाही ते बुधवारी ठरव, उद्या फक्त चेंडू नीट टाक.

तुझाच,
डॅरिल प्रुइट